ब्राउझरची एक्स्टेन्शन्स : सोय आणि सावधगिरी

आज शिष्यवृत्तीचा अर्ज असो, परीक्षेचे प्रवेशपत्र असो, सातबाराचा उतारा असो की रेल्वेचे आरक्षण असो, काम अखेरीस एकाच खिडकीतून करावे लागते. त्या खिडकीला संगणकाच्या भाषेत ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी ही त्यातली नेहमीची नावे. विद्यार्थी मित्रहो, ही खिडकी आपण रोज उघडतो. परंतु तिला आपल्या सोयीप्रमाणे जाळी, पडदा, कडी बसवून घेता येते याची कल्पना पुष्कळांना नसते. ज्यांना असते, त्यांच्यापैकी कित्येकांनी इतके पडदे आणि इतक्या कड्या बसवलेल्या असतात की खिडकी उघडायलाच वेळ लागतो. या जाळ्या-पडद्यांचे नाव एक्स्टेन्शन. रोजच्या कामात खरोखर उपयोगी पडणारी मोजकी एक्स्टेन्शन्स कोणती आणि ती घेताना कोणती दक्षता बाळगावी, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील लिपिक. संगणकशास्त्र आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. परंतु दुसऱ्याच्या पैशाची आणि सहीची जोखीम रोज हाताळणाऱ्या माणसाला एक सवय जडते. कोणताही कागद समोर आला की, हे करण्याचा अधिकार याला कोणी दिला, हा प्रश्न त्याला आधी सुचतो. या विषयाकडे आम्ही त्याच सवयीने पाहिले आहे.

एक्स्टेन्शन म्हणजे काय?

एक्स्टेन्शन हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो स्वतंत्रपणे चालत नाही. ब्राउझरच्या आत राहून तो ब्राउझरच्याच डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्याच हातांनी काम करतो. अशी जोडकामे करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत दिली. तिचा उपयोग झाला तसा दुरुपयोगही भरपूर झाला. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी ई-मेल पाहिले असतील, त्यांना पडद्याच्या वरच्या अंगाला एकाखाली एक चढलेल्या टूलबारच्या पट्ट्या आठवत असतील. त्या कोणी बसवल्या आणि कशासाठी, हे कॅफेच्या मालकालाही सांगता येत नसे. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. तिच्यात एक्स्टेन्शनला मानाची जागा होती. २०१० च्या आरंभी क्रोमनेही ही सोय सर्वांसाठी खुली केली. आज प्रत्येक ब्राउझरचे स्वतःचे दुकान आहे आणि तेथील बहुतेक माल फुकट मिळतो. हा फुकटपणाच पुढे आपल्याला तपासायचा आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असले की आपण निर्धास्त होतो, आणि ते योग्यच आहे. त्याचा अर्थ असा की आपले पाकीट वाटेत कोणाला फोडता येत नाही. पण एक्स्टेन्शन वाटेत उभे नसते, ते घरात बसलेले असते. पाकीट आपण फोडले, पत्र टेबलावर पसरले, की ते आपल्या खांद्यावरून वाचू शकते. आपण उत्तर लिहू लागलो की अक्षर न् अक्षर पाहू शकते. परवानगी असेल तर पत्रातला मजकूर बदलूनही दाखवू शकते. वाटेवरचे कुलूप येथे काही कामाचे नाही.

म्हणूनच एक्स्टेन्शन घेताना ब्राउझर एक चौकट दाखवतो आणि कोणकोणत्या परवानग्या मागितल्या आहेत ते सांगतो. बहुतेक जण ती चौकट न वाचताच पुढे जातात. तिच्यात पुष्कळदा एक वाक्य असते, त्याचा मराठी अर्थ असा : सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे. हे वाक्य वाचून एखाद्या बँक कर्मचाऱ्याच्या हातातले पेन थांबले नाही तर नवल. खातेदार आजारी असेल तर तो मुलाच्या हाती अधिकारपत्र देतो, त्यात अमुक धनादेश, अमुक रक्कम असे स्पष्ट लिहिलेले असते. सर्वसाधारण मुखत्यारपत्र ही फार वेगळी गोष्ट आहे. ते करण्यापूर्वी माणूस वकिलाकडे जातो, घरच्यांना विचारतो, दोन रात्री विचार करतो. वरचे वाक्य म्हणजे आपल्या ऑनलाइन जीवनाचे सर्वसाधारण मुखत्यारपत्र होय. ते कधी द्यावे लागते, कधी मुळीच देऊ नये, हे कामावरून ठरते. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला प्रत्येक पानावर जाहिराती शोधाव्या लागतात, त्याने हा अधिकार मागितला तर तो समजण्यासारखा आहे. हवामान दाखवणाऱ्या किंवा घड्याळ लावणाऱ्या एक्स्टेन्शनने तोच मागितला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

जाहिरातींचा बंदोबस्त

आम्हाला एकच एक्स्टेन्शन ठेवायची मुभा दिली तर आम्ही जाहिराती अडवणारे ठेवू. त्याचे कारण केवळ डोळ्यांना होणारा त्रास नव्हे. नेटवर बँकेचा किंवा गॅस कंपनीचा मदत क्रमांक शोधला की पुष्कळदा निकालांच्या आधी पैसे भरून लावलेली जाहिरात दिसते. तीत खोटा क्रमांक असेल तर त्या क्रमांकावरचा गोड आवाज खातेदाराला एखादे ॲप उतरवून घ्यायला लावतो आणि पुढची कथा आमच्या काउंटरवर येऊन रडते. वयस्कर माणसे म्हणतात, “आम्ही तर वरचाच नंबर लावला.” वरचा म्हणजे खरा, ही समजूत आपणच कोणी तरी त्यांना करून दिलेली असते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने नेमक्या अशाच खोट्या शोध-जाहिरातींबद्दल जनतेला सूचना काढली आणि तीत शोध घेताना जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन वापरावे असा स्पष्ट सल्ला दिला. पोलिसी संस्थेने सुचवावे असे हे साधन आहे, तेव्हा त्याला चैन समजू नये.

या प्रकारात युब्लॉक ओरिजिन हे नाव सर्वांत विश्वासाचे मानले जाते. रेमंड हिल या गृहस्थांनी ते तयार केले. त्याचा मूळ कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे आणि ते देणग्याही स्वीकारत नाहीत. सारख्या नावाची पुष्कळ नक्कल दुकानात असते, म्हणून घेताना पूर्ण नाव आणि कर्त्याचे नाव ताडून पाहावे.

येथे एक अडचण सांगावी लागेल. गुगलने एक्स्टेन्शनसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ या नावाची नवी नियमावली आणली. जुन्या पद्धतीत ब्राउझर एखादी जाहिरात मागवायला निघाला की एक्स्टेन्शन ती मागणी स्वतः पाहून अडवत असे. नव्या पद्धतीत त्याने अडवण्याच्या नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे. यामुळे एक्स्टेन्शनला आपली प्रत्येक हालचाल पाहावी लागत नाही, हा गुगलचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु जिचे उत्पन्न जाहिरातींवर चालते तीच कंपनी जाहिरात अडवण्याचे नियम ठरवणार, हेही विसरता येत नाही. परिणामी २०२५ च्या मध्यापर्यंत क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद झाली. तेथे आता युब्लॉक ओरिजिन लाइट ही हलकी आवृत्ती चालते. पूर्ण आवृत्ती हवी असेल तर फायरफॉक्स वापरावा. आमचे मत विचाराल तर घरी फायरफॉक्सच ठेवावा.

वर्तमानपत्रे आणि छोटी नियतकालिके जाहिरातींवर जगतात, मग सगळ्याच जाहिराती अडवणे योग्य आहे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्या संकेतस्थळावर आपला विश्वास आहे तेथे अडवणूक बंद करण्याचे बटण या एक्स्टेन्शनमध्येच असते. ते दाबावे. आपली स्मरणिकासुद्धा जाहिरातदारांच्या कृपेनेच छापली जाते!

पासवर्डची तिजोरी

पासवर्ड वहीत लिहून ठेवणाऱ्यांना लोक हसतात. आम्ही हसत नाही. वही कपाटात असेल तर तिच्यात परदेशात बसलेला चोर डोकावू शकत नाही. वहीचा दोष निराळा आहे. वहीत लिहायचा कंटाळा येतो म्हणून माणूस एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतो. मग एखाद्या किरकोळ दुकानाच्या संकेतस्थळावरून तो चोरीस गेला की ई-मेलचे दारही त्याच किल्लीने उघडते. आणि ई-मेल उघडले की बाकीचे सारे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून नव्याने मागवता येतात.

पासवर्ड सांभाळणारी एक्स्टेन्शन्स यासाठीच असतात. बिटवॉर्डन हे त्यातले मोफत मिळणारे आणि कोड खुला असलेले नाव. ते प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करते आणि कुलूपबंद ठेवते. आपण फक्त तिजोरीचा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो विसरला तर कंपनीलाही तिजोरी उघडून देता येत नाही, म्हणून तेवढा एक कागदावर लिहून घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवण्यास आमची काही हरकत नाही.

पण या साधनाचा खरा गुण आम्हाला दुसराच वाटतो. माणूस संकेतस्थळ ओळखतो ते रंगावरून आणि चिन्हावरून. हे एक्स्टेन्शन ओळखते ते पत्त्यावरून. भामट्याने बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल केली, नावात एक अक्षर इकडचे तिकडे केले, तरी माणूस फसेल पण ते फसत नाही. पत्ता जुळला नाही की ते पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. रोज आपोआप भरणारी चौकट एके दिवशी रिकामी राहिली, तर तेथेच हात थांबवावा आणि पत्ता अक्षर-अक्षर वाचावा. याच कारणासाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. घरातील वडीलधाऱ्यांना एवढी एक खूण शिकवून ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

तिजोरीलाही धोका नाही असे समजू नये. लास्टपास या नावाजलेल्या कंपनीच्या साठ्यातून २०२२ साली ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण कोणत्या संकेतस्थळाचे पासवर्ड आहेत ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा, त्यांची तिजोरी फोडण्यास चोराला हवा तेवढा वेळ मिळाला. म्हणून मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांब असावा आणि तो दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा. मुलांची नावे आणि जन्मसाल यांना येथे प्रवेश नाही.

अभ्यासाची आणि कागदांची व्यवस्था

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी झोटेरो हे साधन फार मोलाचे आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासाच्या अभ्यासकांनी ते २००६ साली सुरू केले आणि प्रारंभी ते फायरफॉक्सचे एक्स्टेन्शनच होते. आज ते संगणकावरचा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे आणि ‘झोटेरो कनेक्टर’ हे त्याचे ब्राउझरमधले एक्स्टेन्शन. एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक सापडले, शोधगंगेवर प्रबंध सापडला, की एका कळीसरशी लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष ही नोंद आपल्या संग्रहात जमा होते. प्रबंध लिहिताना वर्डमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये संदर्भ टाकला की शेवटची संदर्भसूची ते स्वतः तयार करते. मार्गदर्शकांनी संदर्भ लिहिण्याची पद्धत बदलायला सांगितली तर दोनशे नोंदी हाताने बदलाव्या लागत नाहीत.

याचे महत्त्व उदाहरणाने कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले. नेटवर मात्र त्यांतील विचार म्हणून वाटेल ती वाक्ये फिरत असतात, ना खंडाचा पत्ता, ना पृष्ठाचा. विद्यार्थ्याने खंड, पृष्ठ आणि आवृत्ती यांची नोंद प्रथमपासून झोटेरोमध्ये ठेवली तर तोंडी परीक्षेत ‘हे वाक्य कोठले?’ या प्रश्नाला त्याला गप्प बसावे लागणार नाही. एक सूचना मात्र करतो. मराठी पुस्तकांच्या नोंदी बऱ्याच सूचींमध्ये अर्धवट किंवा रोमन लिपीत असतात, त्यामुळे आलेली नोंद पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ समोर ठेवून दुरुस्त करावी. झोटेरोच्या सर्व्हरवर ३०० मेगाबाइटपर्यंत फाइली मोफत ठेवता येतात. जड फाइली स्वतःच्या संगणकावरच ठेवाव्यात.

दुसरे उपयुक्त एक्स्टेन्शन म्हणजे सिंगलफाइल. ते समोरचे पान चित्रांसह, जसेच्या तसे, एकाच फाइलमध्ये उतरवून ठेवते. भरतीची जाहिरात, अर्ज भरल्याची पोच, पात्रतेचे निकष ही पाने आज असतात, उद्या नसतात किंवा शांतपणे बदललेली असतात. अर्ज केला त्या दिवशी निकष काय होता याचा पुरावा आपल्याजवळ असलेला बरा. ज्यांच्या आधीच्या पिढीला साधी पावती मिळवण्यासाठीही कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्यांना कागद जपण्याचे महत्त्व आम्ही वेगळे सांगायला नको. मात्र ही फाइल आपल्या संगणकावरची असते, ती कोणी बदलली नाही हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. पोच क्रमांक आणि अधिकृत पीडीएफ यांची जागा ती घेऊ शकत नाही.

काही लहानसहान साधने थोडक्यात सांगतो. चाळीस-पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्यांसाठी वनटॅब आहे, ते सर्व टॅब बंद करून त्यांची एका पानावर यादी करते. पण यादी त्याच ब्राउझरमध्ये राहते, एक्स्टेन्शन काढून टाकले की तीही जाते. लीचब्लॉक हे अभ्यासाच्या वेळात ठरावीक संकेतस्थळे बंद ठेवते. ज्याला मनाचा निग्रह करता येतो त्याला त्याची गरज नाही, आणि ज्याला करता येत नाही तो ते बंद करण्याची युक्ती शोधून काढतोच. तरी मधल्या बहुसंख्यांना त्याचा फायदा होतो. डार्क रीडर पांढरी पाने काळी करते, रात्री वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ते बरे वाटते.

काय घेऊ नये हेही सांगितले पाहिजे. मराठी टंकनासाठी एक्स्टेन्शन घेण्याची आता गरज उरलेली नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक फार पूर्वीपासून आहे, आणि २०१९ पासून विंडोज १० मध्ये रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आला. जे काम संगणक स्वतः करतो त्यासाठी आपली प्रत्येक कळ वाचणारा तिऱ्हाईत घरात का घ्यावा? इंग्रजीचे व्याकरण तपासणारी एक्स्टेन्शन्स उपयोगी खरीच, अर्ज लिहिताना ती धीर देतात. परंतु त्यांतील बहुतेक जण आपला मजकूर तपासण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. म्हणून कार्यालयीन पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती, कोर्टाचे कागद यांच्यापासून ती दूर ठेवावीत. आणि बाजारात सूट शोधून देणारी एक्स्टेन्शन्स आमच्या मते सरळ टाळावीत. हनी नावाचे असे एक कूपन शोधणारे साधन पेपाल कंपनीने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून घेतले. वापरणाऱ्याला फुकट असलेल्या वस्तूची एवढी किंमत कशामुळे झाली, याचा विचार वाचकांनीच करावा.

चांगले एक्स्टेन्शन वाईट कसे होते?

आतापर्यंत सांगितलेल्या सावधगिरीने एक धोका टळत नाही, आणि तोच सर्वांत मोठा आहे. आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्या वाईट होऊ शकते, आणि ते झाल्याचे आपल्याला कळत नाही.

ग्रेट सस्पेंडर नावाचे एक्स्टेन्शन होते. न वापरलेले टॅब झोपवून ते संगणकाची मेमरी वाचवत असे. काम चोख होते आणि २० लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. २०२० च्या मध्यास मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकले. वापरणाऱ्यांना काही सांगितले गेले नाही. नव्या मालकाने त्यात बाहेरून आज्ञा घेऊन चालणारा कोड घातल्याचे काही जाणकारांच्या लक्षात आले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून दुकानातून आणि लोकांच्या संगणकांवरूनही बंद केले. त्यात झोपवलेले टॅबही पुष्कळांचे गेले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये क्रोमनेच मेमरी वाचवण्याची सोय स्वतःमध्ये आणली, तेव्हा अशा एक्स्टेन्शनची गरजही राहिली नाही.

हे घडते कसे ते पाहण्यासारखे आहे. एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आली की ब्राउझर ती आपोआप बसवतो. नव्या आवृत्तीने जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम एक्स्टेन्शन थांबवून आपल्याला विचारतो. पण मुखत्यारपत्र पहिल्याच दिवशी दिलेले असेल तर नवे काही मागायचेच उरत नाही! मग विचारणार कोण? आणि लिहिणारा एखादा माणूस रात्री जागून, फुकट, वर्षानुवर्षे लाखो लोकांच्या तक्रारी सोडवत असतो. त्याला कोणी मोठी रक्कम देऊ केली तर तो मोहात पडला याचे आश्चर्य वाटत नाही. लोक त्याला दोष देतात. पण इतक्या वर्षांत त्याला एक रुपया कोणी दिला होता, हेही विचारायला हवे.

विकणारा नसला तरी चोर असतो. सायबरहेवन ही कंपनी इतर कंपन्यांची माहिती चोरीस जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर पुरवते. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या एका कर्मचाऱ्याला ई-मेल आला. तुमचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे दुकानातून काढले जाणार आहे, असा त्यात क्रोमच्या दुकानाच्या नावाने धाक होता. त्याने घाईने परवानगी दिली आणि चोरांनी कंपनीच्या नावानेच बिघडवलेली आवृत्ती दुकानात चढवली. सुमारे एका दिवसात ती काढली गेली, पण तोवर ती आपोआप लोकांकडे पोचत होती. त्याच पद्धतीने इतरही कित्येक एक्स्टेन्शन्स बळी पडल्याचे उघडकीस आले. रखवालदाराच्याच घरी चोरी झाली ती एका धाकाच्या पत्राने. ‘आपले खाते आज रात्री बंद होईल’ हा संदेश आपल्या मोबाइलवर येतो तो याच जातीचा.

याउलट सर्व काही सचोटीने होऊनही साधन संपते, त्याचेही भान ठेवावे. नंतर वाचण्यासाठी लेख जमा करून ठेवणारे पॉकेट २००७ साली फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन म्हणून जन्मले. २०१७ मध्ये मोझिलाने ते विकत घेतले आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केले. वाचकांना आपला संग्रह बाहेर काढण्यासाठी मुदत दिली होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांची जमा केलेली यादी गेली. झोटेरो आणि सिंगलफाइल आम्हाला आवडतात त्याचे एक कारण हेच, की त्यांचा संग्रह आपल्याच संगणकावर राहतो.

व्यवहारात काय करावे?

ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखे एक चिन्ह असते. त्यावर कळ दाबली की बसवलेली सर्व एक्स्टेन्शन्स दिसतात. महिन्यातून एकदा ही यादी उघडावी. ज्याचे नाव वाचून ‘हे कशासाठी घेतले होते?’ असा प्रश्न पडेल ते काढून टाकावे. नुसते बंद न करता काढावे. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांऐवजी ठरावीक संकेतस्थळांपुरता किंवा आपण कळ दाबू तेव्हापुरताच अधिकार देता येतो. हा बदल करायला अर्धे मिनिट लागते आणि मुखत्यारपत्राचे साध्या अधिकारपत्रात रूपांतर होते.

बँकेचे व्यवहार आणि सरकारी अर्ज यांसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल उघडावे आणि त्यात एकही एक्स्टेन्शन घालू नये. फार तर पासवर्डचे एक असू द्यावे. हे जमत नसेल तर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी वापरावी, तेथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन्स चालत नाहीत.

मोबाइलवर काम करणाऱ्या सभासदांसाठी एवढेच की अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवर ती सर्वांसाठी मोकळी केली, आणि युब्लॉक ओरिजिन तेथेही चालते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोच आई, वडील, मुले सगळे वापरतात, तेथे एवढे एक बसवून दिले तरी खोट्या जाहिरातींचा बराच उपद्रव कमी होतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. पहिल्या काही तासांत कळवलेली रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते, हे आमच्या खुर्चीवरून आम्ही पाहिलेले आहे.

अभ्यासिकेतील सामाईक संगणकावर किंवा नेट कॅफेत बसताना, आधीच्या माणसाने कोणते एक्स्टेन्शन घालून ठेवले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तेथे आपला पासवर्ड टाकण्यापूर्वी क्रोमच्या कोपऱ्यातील प्रोफाइलच्या चिन्हावरून ‘गेस्ट’ ही खिडकी उघडावी. तिच्यात त्या प्रोफाइलची एक्स्टेन्शन्स येत नाहीत, आणि ती बंद केली की आपण काय पाहिले त्याचा इतिहास ब्राउझरमध्ये राहत नाही. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र संगणकावरच राहतात, त्या पेन ड्राइव्हवर घेऊन तेथून पुसाव्यात, आणि मग खुर्ची सोडावी.